इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत ग्रीन पार्टीची एकहाती सत्ता. मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा निकाल समजून घेताना

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक नावाची काउंटी आहे. तिच्या मधल्या पट्ट्यातल्या मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिलची निवडणूक ४ मे २०२३ रोजी झाली आणि ग्रीन पार्टीने ३४ पैकी २४ जागा जिंकल्या. ब्रिटनमध्ये ग्रीन पार्टीला एखाद्या कौन्सिलमध्ये स्वतःच्या बळावर बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्याआधी ब्रायटनसारख्या शहरात पक्षाने सत्ता चालवली होती, पण तिथे बहुमत कधीच नव्हतं.

पर्यावरणवाला पक्ष म्हटलं की शहरातली, विद्यापीठाच्या आसपासची तरुण मंडळी डोळ्यासमोर येतात. मिड सफोक यातलं काहीच नाही. इथे चिकणमातीची भारी जमीन, गहू-बार्ली-मोहरीवर्गीय तेलबिया आणि साखरेच्या बीटची शेती, जुनी चर्चं आणि लहान लहान गावं आहेत. स्टोमार्केट, नीडम मार्केट आणि आय ही तीन शहरं म्हणायची, पण आपल्याकडच्या हिशेबाने ती बाजारपेठेची गावंच. (‘आय’ हे गावाचं नाव आहे, मराठीत वाचताना गंमत वाटेल एवढंच.) २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडायचं की नाही यावर सार्वमत झालं, तेव्हा इथल्या सुमारे ५५ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला होता. पिढ्यान्‌पिढ्या हुजूर पक्षाला, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हांना, मत देणारा हा मुलूख. तिथे ग्रीन पार्टीचे २४ सदस्य निवडून येतात हे कसं झालं, हा या निकालातला खरा प्रश्न आहे.

पक्षनिहाय बलाबल

एकूण जागा ३४, बहुमताला १८.

ग्रीन पार्टी: २४ (२०१९ मध्ये १२)
हुजूर पक्ष: ६ (२०१९ मध्ये १६)
लिबरल डेमोक्रॅट: ४ (२०१९ मध्ये ५)
अपक्ष: ० (२०१९ मध्ये १)

मजूर पक्षाला एकही जागा मिळाली नाही. देशभर त्या दिवशी मजूर पक्षाची चलती असताना इथे त्याचं खातंही उघडलं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. हुजूर पक्षावर नाराज झालेला मतदार आपोआप मजूर पक्षाकडे जातो असं लंडनमधल्या चर्चांत गृहीत धरलं जातं. खेड्यात तसं होतंच असं नाही. ज्या वॉर्डात समोरच्याला पाडण्याच्या ताकदीचा जो उमेदवार दिसतो, त्याच्याकडे मतं वळतात. मिड सफोकमध्ये तो उमेदवार बहुतेक ठिकाणी ग्रीनचा होता.

निकालानंतर ग्रीनचे अँडी मेलन कौन्सिलचे नेते झाले. तिकडे नेता आणि त्याचं मंत्रिमंडळ अशी पद्धत असते. आपल्या जिल्हा परिषदेतल्या अध्यक्ष आणि विषय समित्यांच्या सभापतींशी त्याची ढोबळ तुलना करता येईल. सभागृह चालवणारा अध्यक्ष वेगळा असतो, कारभार नेता पाहतो.

डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे

नावामुळे इथे हमखास घोटाळा होतो. डिस्ट्रिक्ट कौन्सिल म्हणजे जिल्हा परिषद असं भाषांतर केलं की सगळंच चुकतं. सफोक ही काउंटी, ती आपल्या जिल्ह्यासारखी. तिच्या पोटात डिस्ट्रिक्ट आणि बरो येतात, ते आपल्या तालुक्यासारखे. त्याखाली पॅरिश कौन्सिल, म्हणजे साधारण ग्रामपंचायत. मिड सफोकची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार एक लाखाच्या थोडी वर आहे. आपल्याकडचे कित्येक तालुके याहून मोठे भरतील. एक लाख लोकांसाठी ३४ सदस्य म्हणजे सदस्यामागे जेमतेम तीन हजार माणसं. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा एक गट तीस-चाळीस हजारांच्या घरात असतो. तीन हजार लोकांचा प्रतिनिधी मतदाराला दुकानात भेटतो, कुत्रं फिरवताना भेटतो. निकाल समजून घेताना हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण तीन हजारांच्या वॉर्डात काही महिने नेटाने फिरलं तर एकूण एक दार वाजवता येतं.

अधिकारांची वाटणीही आपल्यापेक्षा वेगळी आहे. शाळा, मोठे-छोटे रस्ते, वृद्ध आणि अपंगांची देखभाल, ग्रंथालयं, अग्निशमन हे सगळं काउंटीकडे. डिस्ट्रिक्टकडे बांधकाम परवानगी आणि जमीन वापराचं नियोजन, घरकुलं, घरोघरचा कचरा उचलणं, पर्यावरण आरोग्य, करवसुली आणि निवडणुका घेणं. कचऱ्याची गंमत अशी की तो उचलायचा डिस्ट्रिक्टने आणि त्याची विल्हेवाट लावायची काउंटीने. पॅरिशकडे खेळाचं मैदान, गावचं सभागृह, बाकडी, असली कामं.

यातून एक नेहमीचा गोंधळ होतो. मतदार दारात आलेल्या उमेदवाराला सगळ्यात आधी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल सुनावतो. खड्डे बुजवणं डिस्ट्रिक्टच्या हातातच नसतं. पण ‘ते आमचं काम नाही’ असं म्हणणारा उमेदवार तिकडेही फारसा टिकत नाही. हुशार उमेदवार खड्ड्याचा फोटो काढतो, काउंटीकडे तक्रार टाकतो आणि त्याचं पत्र पुढच्या पत्रकात छापतो.

करातही तेच. घरपट्टीसारखा जो कौन्सिल टॅक्स असतो, त्याचं बिल डिस्ट्रिक्टच्या नावाने घरी येतं. पण त्यातला फार मोठा वाटा काउंटीला आणि मग पोलिसांना जातो. डिस्ट्रिक्टकडे उरतो तो दहा टक्क्यांच्या आसपास. लोकांचा राग मात्र बिलावर ज्याचं नाव आहे त्याच्यावर निघतो. आणखी एक अडचण म्हणजे घराची किंमत अजूनही १९९१ सालच्या बाजारभावावर धरली जाते आणि त्यावरून ए ते एच असे गट पाडलेले आहेत. तीस वर्षांत कोणत्याच सरकारने या आकड्यांना हात लावायची हिंमत केली नाही. शिवाय ठरावीक मर्यादेपेक्षा कर वाढवायचा असेल तर स्थानिक सार्वमत घ्यावं लागतं. त्यामुळे कौन्सिल कोणाचंही असो, तिजोरीच्या किल्ल्या बऱ्याच अंशी लंडनलाच असतात.

मतदान कसं होतं

मतदान मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १०. सुट्टी नसते, त्यामुळे लोक कामावर जाता-येता मत टाकतात. केंद्र गावच्या सभागृहात, चर्चमध्ये, शाळेत, क्वचित पबमध्येही असतं. यंत्र नाही. कागदी मतपत्रिका आणि दोरीला बांधलेली पेन्सिल, नावापुढे फुली मारायची. बोटाला शाई लावत नाहीत. टपालाने मत हवं असेल तर अर्ज करून मिळतं, कारण विचारत नाहीत.

वॉर्ड २६ आणि जागा ३४, म्हणजे बहुतेक वॉर्डांत एकच सदस्य आणि काहींत जास्त. दोन जागांच्या वॉर्डात मतदाराला दोन मतं असतात. ती दोन वेगवेगळ्या पक्षांना दिली तरी चालतात आणि एकच देऊन दुसरं सोडलं तरी चालतं. सर्वाधिक मतं ज्याला तो निवडून आला, बाकी हिशेब नाही. जागांचं आरक्षण नाही, ना महिलांचं, ना कुठल्या समाजघटकाचं. उमेदवाराला अनामत रक्कमही भरावी लागत नाही. एक सूचक आणि एक अनुमोदक, दोघं त्याच वॉर्डातले मतदार, एवढ्यावर अर्ज भरला जातो. खर्चाची मर्यादा त्या निवडणुकीत ८०६ पौंड आणि वर मतदारामागे ७ पेन्स अशी होती. एवढ्या पैशात छापील पत्रकं निघतात आणि पेट्रोल सुटतं. मोठी सभा, गाड्यांचा ताफा, जेवणावळी हे सगळं बसवायचं ठरवलं तरी बसत नाही.

पक्षांतरबंदीही नाही. निवडून आलेला सदस्य दुसऱ्या दिवशी पक्ष बदलू शकतो आणि त्याची जागा जात नाही. सदस्याला पगार नसतो, भत्ता मिळतो. त्यामुळे निवृत्त माणसांचं प्रमाण जास्त आणि ग्रामीण भागात काही ठिकाणी उमेदवारच मिळत नाहीत अशीही वेळ येते. मग निवडणूक बिनविरोध.

मे २०२३ ची निवडणूक आणखी एका कारणासाठी वेगळी होती. इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवणं पहिल्यांदाच सक्तीचं झालं. तोवर नाव-पत्ता सांगितला की मतपत्रिका मिळायची. निवडणूक आयोगाच्या पाहणीनुसार केंद्रावर येऊनही ओळखपत्राअभावी मत न देता परत गेलेल्यांची संख्या देशभरात सुमारे १४ हजार होती.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी इथे एक कामाची गोष्ट. स्थानिक निवडणुकीत मत द्यायला ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे कायदेशीररीत्या तिथे राहणारा भारतीय नागरिक मतदार यादीत नाव घालू शकतो आणि ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्टही चालतो. वर्क व्हिसावर गेलेली नर्स किंवा इंजिनिअर डिस्ट्रिक्ट कौन्सिलला आणि अगदी संसदेलाही मत देऊ शकतात. उभं राहायचं असेल तर मात्र कायम वास्तव्याची परवानगी हवी. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं आणि नावनोंदणी राहून जाते.

२४ जागा एका रात्रीत आल्या नाहीत

निकालाच्या बातम्यांत लाट, त्सुनामी असे शब्द वापरले गेले. हुजूर पक्षाविरुद्ध हवा होती हे खरंच. बोरिस जॉन्सन यांच्या काळातल्या लॉकडाऊनमधल्या पार्ट्या, लिझ ट्रस यांचं काही आठवड्यांचं सरकार आणि त्यात चढलेले व्याजदर, महागाई, दवाखान्यातल्या रांगा, नद्यांमध्ये सोडलं जाणारं सांडपाणी. ऋषी सुनक पंतप्रधान झाल्यानंतरची ती पहिली मोठी स्थानिक निवडणूक होती आणि त्यात हुजूर पक्षाने इंग्लंडभर हजाराहून जास्त जागा गमावल्या.

पण नुसत्या हवेने सगळं झालं असतं तर ब्रायटनमध्ये ग्रीनची धूळधाण उडाली नसती. त्याच दिवशी त्या शहरात पक्ष ७ जागांवर आला आणि मजूर पक्षाने ५४ पैकी ३८ जागा जिंकल्या. कचरा वेळेवर उचलला जात नाही, स्वच्छतागृहं बंद पडलीत, अशा साध्या तक्रारींवर तिथल्या सत्ताधारी ग्रीनवाल्यांना लोकांनी घरी बसवलं. एकाच दिवशी एकच पक्ष आपल्या बालेकिल्ल्यात हरला आणि परक्या मुलखात जिंकला. दोन्हीकडे मुद्दा हवामान बदलाचा कमी आणि गल्लीतल्या कामाचा जास्त होता.

मिड सफोकमधला प्रवास जुन्या आकड्यांत दिसतो. २०१५ मध्ये कौन्सिल ४० जागांचं होतं. हुजूर पक्ष २९, ग्रीन ५. २०१९ मध्ये वॉर्डांची फेररचना होऊन जागा ३४ झाल्या आणि ग्रीन ५ वरून १२ वर गेली. हुजूर पक्ष १६ वर अडला. बहुमताला दोन कमी. त्यांच्याबरोबर एक अपक्ष धरला तर १७, समोर ग्रीन आणि लिबरल डेमोक्रॅट मिळून १७. अशा वेळी सभेत मतं समसमान पडली की अध्यक्षाचं जादा मत निर्णायक ठरतं. सत्ता हुजूर पक्षाकडेच राहिली, पण चार वर्षं ती अशी दोरीवर चालली. विरोधकांना ‘आम्ही असतो तर’ म्हणायला चांगली जागा मिळाली आणि मतदारालाही कळलं की इथे ग्रीनला मत देणं म्हणजे मत वाया घालवणं नाही.

ग्रीन पार्टीची काम करण्याची एक ठरलेली पद्धत आहे. जिंकता येईल असा एकच वॉर्ड निवडायचा, तिथे निवडणूक नसतानाही वर्षभर दारोदार पत्रकं टाकायची, लोकांची गाऱ्हाणी लिहून घ्यायची, त्यांचा पाठपुरावा करायचा, आणि तो वॉर्ड आला की शेजारचा धरायचा. सगळीकडे उमेदवार उभे करून तिसऱ्या नंबरवर येण्यापेक्षा हे बरं. दिसायला संथ काम आहे आणि मोठ्या नेत्यांना त्यात फार रस नसतो. पण तीन हजारांच्या वॉर्डात, वॉर्डातलाच माणूस उभा असला की त्याचा पक्ष कोणता हे बऱ्याच जणांच्या लेखी दुसऱ्या क्रमांकावर जातं. हुजूर पक्षाचे परंपरागत मतदार ग्रीनकडे वळले ते पक्षाच्या जाहीरनाम्यावर भाळून, असं मानायला फारसं कारण नाही. मंडलशम, बॅकटन, थर्स्टन अशा गावांच्या पट्ट्यात लोकांना माणूस ओळखीचा होता.

दुसरं कारण घरबांधणीचं. स्टोमार्केटहून जाणारा ए१४ महामार्ग एकीकडे फेलिक्सस्टो या ब्रिटनच्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदराला आणि दुसरीकडे केंब्रिजला जोडतो. त्याच्या आजूबाजूच्या गावांलगत नवी नवी वसाहत उठते आहे. घरं येतात, पण डॉक्टर तेवढेच, शाळेतले वर्ग तेवढेच, बसच्या फेऱ्या उलट कमी. शेतात वसाहत आली म्हणून हळहळणारा जुना रहिवासी आणि गावातच घर न परवडल्यामुळे शहरात गेलेला त्याचा मुलगा, दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे आणि दोघांना एकदम खूश करता येत नाही. ग्रीन पार्टीने गावाची बाजू लावून धरली आणि मतं मिळवली. सत्तेत आल्यावर हाच मुद्दा अवघड होऊन बसतो.

कारण परवानगी नाकारणं वाटतं तितकं सोपं नसतं. पुढच्या पाच वर्षांना पुरेल एवढी जमीन घरांसाठी ठरवून ठेवली आहे हे कौन्सिलला दाखवावं लागतं. ते दाखवता आलं नाही तर बिल्डर केंद्र सरकारच्या नियोजन निरीक्षकाकडे अपील करतो आणि कौन्सिलचा नकार तिथे फिरण्याची शक्यता वाढते. गावाचा विरोध आहे एवढं कारण पुरत नाही, नियोजनाच्या नियमात बसणारं कारण लागतं. नकार बिनबुडाचा ठरला तर अपिलाचा खर्चही कौन्सिलच्या अंगावर येतो. त्यात २०२४ मध्ये आलेल्या मजूर सरकारने संसदेच्या मुदतीत १५ लाख घरांचं लक्ष्य ठेवलं आणि कौन्सिलांवरचा दबाव आणखी वाढला.

वारशातही काही विसंगत गोष्टी आल्या. स्टोमार्केटजवळ महामार्गाला लागून गेटवे १४ नावाचं मोठं औद्योगिक संकुल आहे. ते कौन्सिलच्याच मालकीच्या कंपनीमार्फत उभं राहतंय आणि फ्रीपोर्ट ईस्ट या करसवलतीच्या क्षेत्रात मोडतं. प्रचंड गोदामं, ट्रकांची ये-जा, हे ग्रीन पार्टीच्या पोस्टरवर शोभणारं दृश्य नाही. पण त्यात कौन्सिलचा पैसा गुंतलेला आहे.

कचेरी तालुक्याबाहेर

मिड सफोकचा एकट्याचा कर्मचारीवर्गही नाही. शेजारच्या बेबर डिस्ट्रिक्टबरोबर अधिकारी आणि कर्मचारी सामाईक आहेत. २०११ मध्ये दोन्ही कौन्सिलांचं विलीनीकरण करायचं का यावर मतदान घेतलं होतं. मिड सफोकने हो म्हटलं, बेबरने नाही म्हटलं, म्हणून ते बारगळलं. मग कौन्सिलं दोन आणि कर्मचारी एक, अशी मधली वाट निघाली. नीडम मार्केटमधलं जुनं कार्यालय सोडून २०१७ मध्ये दोन्ही कौन्सिलांचा कारभार इप्सविचमधल्या एन्डेव्हर हाउसमध्ये गेला. ही इमारत काउंटी कौन्सिलचं मुख्यालय. इप्सविच हे मिड सफोकमध्येही नाही आणि बेबरमध्येही नाही. तालुक्याची कचेरी तालुक्याबाहेर गेली तर गावकरी काय म्हणतील याची कल्पना आपल्या वाचकांना वेगळी द्यायला नको. स्टोमार्केटला चौकशी केंद्र ठेवलं आहे, पण सभा पाहायची तर इप्सविच गाठायचं.

निकालाचे पुढचे धागे

त्या दिवशी शेजारच्या ईस्ट सफोकमध्येही उलथापालथ झाली. ५५ जागांच्या कौन्सिलमध्ये हुजूर पक्ष ३९ वरून १५ वर आला आणि ग्रीन १६ जागांसह सर्वांत मोठा पक्ष ठरला. तिथे बहुमत नसल्यामुळे इतरांना बरोबर घेऊन सत्ता बनवावी लागली. बेबरमध्येही ग्रीन पहिल्या क्रमांकावर होती. वर काउंटी कौन्सिलमध्ये मात्र २०२१ च्या निवडणुकीतलं चित्र कायम राहिलं, म्हणजे ७५ पैकी ५५ जागा हुजूर पक्षाच्या आणि ग्रीनच्या ९. खाली ग्रीन आणि वर हुजूर पक्ष, त्यामुळे जे काउंटीच्या अखत्यारीत होतं त्यात मिड सफोकच्या नव्या सत्तेला पत्रव्यवहारापलीकडे फार काही करता येत नव्हतं.

जुलै २०२४ च्या संसदीय निवडणुकीत स्थानिक कामाचं फळ दिसलं. आय आणि आसपासचा उत्तर भाग वेव्हनी व्हॅली या नव्या मतदारसंघात आला होता. नॉरफोक आणि सफोक या दोन काउंट्यांत विभागलेल्या या जागेवर पक्षाचे तेव्हाचे सहनेते एड्रियन रॅमझी पाच हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. पक्षाचे त्या वेळी एकूण चार खासदार झाले, त्यांतले दोन ग्रामीण भागातले. स्टोमार्केट ज्या मतदारसंघात आहे तो मजूर पक्षाने घेतला आणि डिस्ट्रिक्टचा आणखी काही भाग असलेली सेंट्रल सफोक अँड नॉर्थ इप्सविच ही जागा हुजूर पक्षाने राखली. एका तालुक्याएवढ्या भागात तीन पक्षांचे तीन खासदार, आणि कौन्सिल ग्रीनचं.

रॅमझी यांना लगेचच एका प्रश्नाने गाठलं. नॉरिचहून टिलबरीपर्यंत सुमारे १८० किलोमीटरची ४०० किलोव्होल्टची वीजवाहिनी टाकायची योजना आहे. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज वाहून न्यायला ती हवी, पण तिचे उंच मनोरे याच भागातल्या शेतांमधून जाणार. रॅमझी यांनी योजना थांबवून इतर पर्याय तपासा अशी मागणी केली. त्यावर, हरित वीज हवी म्हणणारा पक्ष तिच्या तारांना विरोध कसा करतो, अशी टीका देशभरातून झाली. शेतातून टॉवर लाइन गेलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला दोन्ही बाजू पटतील. ग्रामीण जागा जिंकणाऱ्या ग्रीन पार्टीची ही अडचण एका खासदारापुरती राहणारी नाही.

जिंकलेली कौन्सिलच जाणार

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन स्तरांची पद्धत मोडून सगळे अधिकार एकाच स्तरावर आणायचा आराखडा जाहीर केला. सफोक त्याच्या पहिल्या टप्प्यात आलं. मे २०२५ मध्ये होणारी सफोक काउंटीची निवडणूक त्यासाठी वर्षभर पुढे ढकलली गेली. निवडणुका पुढे जाणं आपल्या वाचकांना नवं नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर २०२२ पासून प्रशासक बसले होते. तिकडे एका वर्षाच्या मुदतवाढीवरूनही बरंच रान उठलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सफोकमधून दोन प्रस्ताव सरकारकडे गेले. काउंटी कौन्सिलचं म्हणणं, अख्ख्या सफोकला मिळून एकच कौन्सिल करा, खर्च वाचेल. मिड सफोकसह डिस्ट्रिक्ट आणि बरोंचं म्हणणं, तीन करा, नाहीतर लोकांपासून कारभार फार लांब जाईल. दोन्ही बाजूंनी बचतीचे हिशेब मांडले. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. १ एप्रिल १९७४ रोजी स्टोमार्केट, आय आणि आसपासच्या ग्रामीण मंडळांना जोडून तयार झालेली मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिल दोन्ही आराखड्यांत उरत नाही. सरकारच्या वेळापत्रकात नव्या कौन्सिलांनी एप्रिल २०२८ पासून कारभार हाती घेणं धरलेलं आहे.

नव्या रचनेत वॉर्ड मोठे होणार आणि सदस्यांची संख्या घटणार. तीन हजार लोकांमागे एक सदस्य हे प्रमाण राहणार नाही. दार वाजवून, गाऱ्हाणी लिहून घेऊन ज्यांनी २४ जागा मिळवल्या, त्यांना हेच काम दुप्पट-तिप्पट मोठ्या वॉर्डात करावं लागेल. पॅरिश कौन्सिलांना या बदलात हात लागलेला नाही, त्या आहेत तशा राहतील. मात्र डिस्ट्रिक्टकडची काही लहानसहान कामं आणि मालमत्ता त्यांच्याकडे सोपवायची का, आणि सोपवली तर पैसा कुठून आणायचा, यावर गावच्या सभागृहांत चर्चा सुरू झाल्या आहेत.